हळदीतला फोटो

दादासो हे आमच्या कडेगावचे फोटोवाले. बाजारपेठेत त्यांचा स्टुडिओ आणि माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. त्यामुळे त्यांच्याकडचं सगळं मला ऐकू यायचं आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींची खटखट त्यांना. मी मुळात वाईची, त्यात तोंडाची फटकळ. आवाजावरून मी अधूनमधून भांडण काढायची. पण दादासो नुसते हसायचे, त्यामुळे भांडल्याचं समाधान मला कधी मिळालं नाही.

लग्नं, बारशी सगळेच फोटोवाले करतात. दादासोंची ख्याती मेलेल्या माणसांच्या फोटोंसाठी होती. घरातलं माणूस गेलं आणि भिंतीवर लावायला धड फोटो नसला, की तालुक्यातले लोक त्यांच्याकडे यायचे. कुठल्या तरी वरातीच्या फोटोत चार मुंडक्यांच्या मागे ते गेलेलं माणूस उभं असायचं. दादासो त्याला तिथून उचलायचे, अंगात कोट घालायचे, डोक्याला फेटा बांधायचे, बाई असेल तर ठसठशीत कुंकू लावायचे आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांतला पांढरा भाग स्वच्छ करायचे. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस हयातीत कधी नव्हता इतका तरतरीत दिसायचा, आणि घरच्यांनाही तेच हवं असायचं. आधी हे काम ते ब्रशनं करत. पुढे हात कापायला लागला, तेव्हा सांगलीहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि या वयात माऊस धरायला शिकले. टेबलावर टेकलेला हात कापत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तो कॉम्प्युटर आणला तेव्हाच म्हातारा होता. त्याला मोजकेच रंग दाखवता यायचे. गालाचा उतार, हनुवटीखालची सावली असलं काही पडद्यावर दिसायचंच नाही. एक पट्टा गव्हाळ, त्याला लागून एक पट्टा तपकिरी, भिंतीचे पोपडे निघाल्यासारखं. फाइलीत रंग सगळे असायचे, पण ते दाखवणारं आतलं डिस्प्ले कार्डच गरीब होतं. दादासो अंदाजानं काम करायचे, आणि सांगलीहून छापून आलं की बहुतेक वेळा बरं निघायचं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर त्यांच्या चंद्राबाई यकृताच्या दुखण्यानं गेल्या. लग्नाच्या मांडवात फोटो काढणाऱ्या दादासोंमागे मोठा दिवा धरून उभी असायची ती बाई. सगळ्या तालुक्याच्या तोंडावर उजेड पाडला, पण तिचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. लग्नातला होता, त्यात मुंडावळ्यांखाली नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. दुसरा मतदानाच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यात नेमके डोळे मिटलेले. लेक राजेश्वरी कोरेगावला दिलेली. तिनं येऊन सांगितलं, की वर्षश्राद्धाला आईचा चांगला, मोठा फोटो लागला पाहिजे, आणि तो आप्पांनीच केला पाहिजे. दादासोंना वेगळं सांगायला नको होतं. त्या वर्षात त्यांना दुसरं काहीही करायचं नव्हतं.

जुनी खोकी उलथीपालथी करून त्यांनी एक लहानसा फोटो शोधला. त्याच सालच्या उन्हाळ्यात पुतणीच्या हळदीत त्यांनीच काढलेला. चंद्राबाईंनी दिवा कधी नव्हे तो खाली ठेवलेला, आणि पुतणीला हळद लावता लावता त्या मान वळवून हसतायत. बायकांनी त्यांनाही मनसोक्त फासली होती. कपाळ, गाल, हनुवटी, सगळी हळद. पण हसू असं होतं, की बघणाऱ्यानंही हसावं.

आता श्राद्धाच्या फोटोत हळदीनं माखलेलं तोंड कसं चालणार? ती हळद उतरवायची होती, आणि खालचा चेहरा तसाच राहायला हवा होता. सांगलीहून फोटो स्कॅन करून फ्लॉपीवर आणला, उघडला, तर पडद्यावर नुसता पिवळा गोळा. हळद कुठे संपते आणि चंद्राबाई कुठे सुरू होतात तेच कळेना. दादासो दिवसच्या दिवस त्या गोळ्यासमोर बसायचे. मी म्हटलं, सांगलीला चांगली मशिनं आहेत, तिथल्या कुणाकडून तरी करून घ्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले.

"बाई, तालुक्याची मढी मी नटवली. आन माझ्या बायकूचं तोंड दुसऱ्याच्या हातात देऊ व्हय?"

सांगलीचं नाव मी पुन्हा काढलं नाही. माझ्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही.

नवा कॉम्प्युटर घेतला असता तर प्रश्नच मिटला असता. पण दवाखान्यानं घर धुऊन नेलं होतं. ज्यानं हा म्हातारा विकला होता तो सांगलीचा निमिष म्हणाला, सगळं बदलायची गरज नाही, नुसतं कार्ड बदला. दादासो कुणाकडून तरी स्वस्तात एक कार्ड घेऊन आले, पिशवीत अंडी आणावीत तसं जपून. ते खाचेत बसेचना. नव्या पद्धतीचं कार्ड, जुन्या पद्धतीची खाच. दाबून बघायला निघाले होते, मी हात धरला.

मग त्यांनी सगळा सीपीयूच गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टर सामानाचं तिकीट मागायला लागला. दादासो त्याला म्हणाले, सामान न्हाई, आजारी हाय, दवाखान्यात न्यायलोय. हे त्यांनी मला हसत सांगितलं, आणि सांगता सांगता हसू मावळलं. आदल्या वर्षी त्याच गाडीनं, त्याच गोधडीत गुंडाळून त्यांनी चंद्राबाईंना सांगलीला नेलं होतं.

निमिष भला माणूस. त्यानं दोन-चार ठिकाणी चौकशी केली. कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रांची चित्रं काढायच्या कॉम्प्युटरचं कार्ड नुकतंच बदललं होतं आणि जुनं तसंच पडून होतं. कारखान्याला जुनं झालेलं ते कार्ड आमच्या कडेगावच्या म्हाताऱ्याला चपखल बसलं.

परत आले त्या दुपारी दादासोंनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. मी गेले आणि दारातच उभी राहिले. पडद्यावर चंद्राबाई होत्या. हळदीचा पिवळा वेगळा, त्याखालचा त्यांचा रापलेला गव्हाळ वेगळा, ओठ वेगळे, कानामागची घामाची ओल वेगळी. वाटलं, आता म्हणतील, बाई, च्या टाकू का. दादासोंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा असा उजळला होता, की वर्षभरात मी तो तसा बघितला नव्हता. मला खरंच फार बरं वाटलं. मी त्यांना म्हटलं, आता कॉम्प्युटरला फेटा बांधा. ते हसले आणि कामाला लागले.

मी माझ्या मुलींकडे परत गेले. भिंतीपलीकडे दादासो काम करताना गुणगुणत होते. मग गुणगुणणं थांबलं.  नंतर त्यांची हाक आली, अगदी हळू.

"बाई, जरा या."

गालावरची हळद निम्मी उतरली होती आणि काम सुरेख झालं होतं. पण दादासोंनी गाल सोडून फोटोतले डोळे मोठे केले होते, पडदाभर. डोळ्यांतला जो भाग पांढरा असतो, तो पिवळा होता. फिकट, पण सगळीकडे सारखा.

मी म्हटलं, हळद उडाली असेल.

"हळद डोळ्यात न्हाई जात, बाई."

मग ते पडद्याकडे बघत बोलत राहिले. त्या दिवशी मांडवात चंद्राबाई म्हणाल्या होत्या, अंगाला फार खाज सुटलीय. दादासो कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, हळदीची आहे, धुतलीस की जाईल. नंतर त्या थकायला लागल्या, जेवण तुटलं, तर म्हणाले, लगीनसराईचा शीण आहे. श्रावणात डोळ्यांचा पिवळेपणा साऱ्यांनाच दिसायला लागला, तेव्हा कुठे सांगली गाठली. डॉक्टरांनी विचारलं, डोळे कधीपासून असे आहेत? उन्हाळ्यातच आणलं असतं तर काही करता आलं असतं, असंही ते म्हणाले होते.

"मी म्हनलो, आठ दिस झालं. आठ दिस, बाई. आन ह्यो बघा वैशाख."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. दादासो, तुम्हाला काय कळणार होतं, वगैरे.  पण माणसांच्या चेहऱ्यावरचा रंग ओळखणं हाच ज्याचा धंदा, त्याला असलं सांत्वन कोण देणार? मी त्यांच्याजवळच्या स्टुलावर बसून राहिले. पलीकडे मुलींनी टायपिंग सोडून गप्पा सुरू केल्या, तरी उठले नाही.

वर्षश्राद्धाला फोटो तयार होता. हळदीचा मागमूस नव्हता, कुंकू ठसठशीत होतं आणि हसू तसंच. भावकीतल्या बायका फोटोसमोर उभ्या राहून पदर डोळ्यांना लावत होत्या. राजेश्वरीनं बराच वेळ बघितलं.

"आप्पा, आई लय गोड दिसतीया. डोळं तेवढं पिवळं वाटत्यात. समद्यांचं करता तसं पांढरं करायचं की."

मी दादासोंकडे बघितलं. तिला खरं सांगतील की काय, अशी मला भीती वाटली.

"कार्ड जुनं हाय, बाळा," दादासो म्हणाले. "त्याला एवढंच जमतंय."

"मग पुढल्या वर्सी चांगलं घिऊ. मी देते पैसं."

"घिऊ की," ते म्हणाले. फोटोला घातलेला हार डोळ्यांवर येत होता, तो त्यांनी बाजूला सरकवला.