जाळीखालचं गोणपाट

हे आजवर बायकोलाही बोललो न्हाई. तुम्हाला कामून सांगायलोय? ठाऊक न्हाई. पण ऐका.

आमच्या भागात तेव्हा दोन जुन्या जर्मन गाड्या होत्या. एक औरादच्या देशमुखांची, नाकावर चांदणी असलेली. वजनदार, खड्ड्यात गेली तरी आत बसलेल्याला कळायचं न्हाई. दुसरी मैलूरच्या खाजाचाचाची. बुटकी, इंजिन मागं, आणि पळायला लागली की — काय सांगू! ती मूळची त्याच्या मालकांची, जहागीरदारांची; ते हैदराबादला गेले तेव्हा जन्मभर राबलेल्या ह्या ड्रायव्हरला ती देऊन गेले. मी दोन्ही गाड्यांचा मिस्त्री.

पुण्याहून एक साहेब येणार होते, जुन्या गाड्या जमवणारे. दोन्हींतली एकच नेणार. चाचाची पसंत पडली तर ती चालवायला चाचालाही नेणार, असं ठरलेलं. म्हाताऱ्यानं नवी शेरवानी शिवली — हसू नका. त्या गाडीशिवाय होतं काय त्याला?

आणि खरं विचाराल तर त्याचीच सरस. देशमुखांची बसणाऱ्याची गाडी, ही चालवणाऱ्याची. इंजिन मूळचं, रंगसुद्धा मूळचा. शौकिनाला आणखी काय लागतं?

मग मी माझी अक्कल पाजळली. आमची ती लाल माती मागच्या जाळीतून इंजिनावर बसायची. साहेबांनी झाकण उघडलं की आत लख्ख दिसावं, म्हणून जाळीखाली आतून गोणपाट बांधलं. चाचाला बोललो न्हाई. गाडीला रेडिएटरच न्हाई, मग हवा कशाला लागती? — हे माझं शहाणपण! अहो, ते इंजिन नुसत्या हवेवरच थंड व्हायचं.

चाचा साहेबांना शेजारी बसवून हुमनाबादच्या रस्त्याला लागला. मी देशमुखांच्या गाडीतून मागं. चढावर धूर निघाला, आणि इंजिन जाम. मी पळत जाऊन झाकण उघडलं. करपलेलं गोणपाट दिसलं आणि — सगळं कळलं. ओढलं, झुडपात फेकलं. धुरात कुणाला दिसलं न्हाई.

साहेबांनी विचारलं, कशानं झालं? मी चाचाकडं न बघता म्हणालो, "वय झालंय त्यांचं. लई रगडली गाडी."

भ्यालो का? व्हय, भ्यालो. मिस्त्री म्हणून माझं नाव जाईल म्हणून. पण त्याचं गेलं, त्याचं काय?

साहेब चांदणीवाली घेऊन गेले. चाचाला मग कुणी लग्नाच्या गाडीवरसुद्धा बोलावलं न्हाई. लोकांचं सोडा हो, त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं. हातात स्टिअरिंग धरायचंच सोडलं त्यानं.

शेवटच्या आजारात त्यानं मला बोलावून घेतलं. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तेरी मेहनत मैं मिट्टी में मिलाया रे. माफ कर."

सांगायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं.

"जाऊ दे चाचा," मी म्हणालो, "केलं माफ."