वहिनी कोणत्या दगडाच्या

माझा मित्र स्वयंपाकघरातले ओटे बसवतो. वयाने मोठा आहे, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. मी साहित्य शिकलो. त्याच्या कारखान्यात मी चहा पितो आणि ऐकतो.

गिऱ्हाईक आलं की दादा आधी घरातल्या माणसांचे स्वभाव विचारतो. दगड त्यावरून ठरतो. त्याच्या मते दगडही माणसांसारखेच घडतात. काही आगीतले. वितळलेला रस जमिनीच्या पोटातच सावकाश निवला की टपोऱ्या दाण्यांचा ग्रॅनाइट होतो. वर येऊन झटकन थंड झाला की बारीक दाण्यांचा काळा बेसॉल्ट. काही गाळाचे. पाण्याने आणलेली वाळू थरावर थर साचते, ओझ्याखाली दबते, घट्ट होते. आणि काही आधी वेगळेच असतात. चुनखडी खोल गाडली जाते, दाब आणि उष्णता सोसते, पण वितळत नाही. तिचा संगमरवर होतो.

दातांच्या डॉक्टरांना त्याने ग्रॅनाइट दिला. आमच्याकडे राग निवायला आठवडे लागतात, असं ते स्वतःच म्हणाले होते.

दादाच्या घरी मात्र ओटाच नाही. वहिनी जमिनीवर बसून स्वयंपाक करतात. गुडघे गेलेत. उठताना भिंत धरावी लागते. त्या कधीपासून ओटा मागतायत, आणि दादाला त्यांचा दगड ठरवता येत नाही. सासरी येऊन बदलल्या, म्हणजे संगमरवर. पण भांडणात लग्नातलं बोलणं काढतात, तेही सगळ्यात खालच्या थरातून. म्हणजे गाळाच्या. शिवाय तापतात.

"चौथा प्रकार असणार," दादा मला म्हणाला.

पुस्तकात तीनच आहेत, असं मी म्हणालो.

"लिहिणाऱ्याचं लग्न झालं नसेल."

परवा सकाळी वहिनी स्टोव्ह, पातेलं आणि तांदूळ घेऊन कारखान्यात आल्या. डॉक्टरांचा ग्रॅनाइट लाकडी घोड्यांवर तयार होता. त्यांनी त्यावर स्टोव्ह पेटवला, भात टाकला आणि उभ्या राहिल्या. भिंत न धरता. दादा त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. अजूनही प्रकारच शोधत होता.

तेवढ्यात डॉक्टर चार हमाल घेऊन आले. दादाने वहिनींना बाजूला व्हायला सांगितलं. भात अर्धा शिजलाय, मधेच कसा उतरवू, असं त्यांनी विचारलं. हमालांनी ग्रॅनाइट उचलला, स्टोव्हसकट. वहिनी डाव घेऊन शेजारून चालू लागल्या. चौकात त्यांनी एकदा भात ढवळला. गाड्या थांबल्या. मी झाकण धरलं होतं.

ओटा डॉक्टरांकडे बसला. वहिनीही तिथेच राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मीठ कुठे ते दाखवलं.

दादा घरी उपाशी. काल तो डॉक्टरांच्या दारात गेला. मी सोबत होतो. तो वाळूचा दगड, बेसॉल्ट, संगमरवर असे तुकडे पिशवीत घेऊन आला होता. वहिनी फोडणी देत होत्या.

"अगं, तूच सांग. यातला कोणता?"

"कोणताही आणा," वहिनी वळूनही न बघता म्हणाल्या. "आधी माझी उंची घ्या."

दादाने पिशवी खाली ठेवली. खिशातून टेप काढला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने बायकोचं माप घेतलं, कमरेपर्यंत.