पेटी उघडायची नाही

चहा घ्या, निवायच्या आत घ्या. कपात निवत चाललेल्या चहाकडे मला स्वस्थपणे बघवत नाही. का बघवत नाही, तेच आज सांगून टाकतो. गोष्ट माझ्या फजितीची आहे आणि रोह्यात ती अजून माझ्या पाठीमागे सांगितली जाते. तेव्हा माझ्या तोंडून ऐकलेली बरी. निदान मी सांगताना त्यात थोडा कमी मूर्ख दिसेन, अशी आशा.

माझी डॉक्टरेट उष्णतेवर आहे. गरम वस्तूतली उष्णता कुठून, कशी निसटते, यावर मी उमेदीची वर्षं घालवली. प्रबंध जाडजूड झाला. तो कोणी शेवटपर्यंत वाचला असेल असं मला वाटत नाही. परीक्षकांबद्दलही शंकाच आहे. पुढे कॉलेजात निवृत्तीपर्यंत तेच शिकवलं आणि रोह्याला येऊन घरी बसलो.

घरी बसलो म्हणजे काय, तर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. निवृत्त माणसाला बसायला जागा कुठे असते? बाहेरच्या खोलीत बसलो की कुमुद, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, नेमकी तिथेच केर काढायला येई. त्यात माझा स्वभाव काळजीखोर. पेन्शनचे कागद पोचले असतील का? पोचले असतील, तर कोणी ते उघडले असतील का? काळजी दाटून आली की मी दारातून म्हणे, "कुमुद, घोटभर चहा टाकतेस का?" आणि घोट घेतला की नवी काळजी सुचे.

तेव्हा आमच्याकडे गॅसचं एकच सिलिंडर होतं. संपलं की नंबर लावायचा आणि वाट बघायची. तोवर रॉकेलचा स्टो. मग कुमुद कमरेवर हात ठेवून, माझ्याकडे बघत म्हणे, "गॅस संपला." ते अशा आवाजात, की जणू मीच तो प्यालो.

एका संध्याकाळी ती स्टोच्या धुरात पदरानं डोळे पुसत होती. मला फार वाईट वाटलं. उष्णतेवर डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाची बायको धुरात बसते, मग त्या प्रबंधाचा उपयोग काय? या घरात आपला एकदा तरी काही उपयोग व्हावा, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नाही.

म्हणून मी पेटी करायला घेतली. माळ्यावरचा जुना लाकडी खोका काढला, त्यात भाताचा पेंढा दाबून भरायचा, मधोमध पातेल्याएवढा खळगा ठेवायचा. पेंढा मागितला कोलाडकडून येणाऱ्या दादू दूधवाल्याकडे.

"पेंढा? काका, म्हस घेतलीव काय?"

"नाही रे. भात शिजवायचाय."

दादूनं माझ्याकडे बघितलं, मग दारातल्या कुमुदकडे. "काकी, समदं ठीक हाय ना?"

कुमुदलाही शंका होतीच. ती पेणची. पेणची माणसं बोलण्यात भिडस्त नाहीत.

"तांदूळ पाच मिनिटं उकळायचे," मी समजावलं. "मग पातेलं पेंढ्यात पुरायचं, वर गोधडी. ऊब आतच कोंडली जाते. पुढचा भात आपोआप शिजतो. तेवढा गॅस वाचला."

"आणि नाही शिजला तर?"

"शास्त्राप्रमाणे शिजायला हवा."

"जेवायला शास्त्र बसणार आहे का?"

पहिल्या दिवशी भात शिजला नाही. कारण सरळ होतं. मी पेटी उघडून बघत होतो. झाकण उघडलं की ऊब जाते, हे माझ्याइतकं नीट कोणाला ठाऊक असणार? पण जातेय का, हे बघितल्याशिवाय राहवेना. गोधडी उचलायची, बोट लावायचं, पुन्हा झाकायचं. दुपारपर्यंत पातेलं माझ्याइतकंच थंड झालं होतं.

कुमुदनं तांदूळ गुपचूप गॅसवर चढवले आणि नियम केला. "पेटी कोठीच्या खोलीत राहील. तुम्ही त्या खोलीत यायचं नाही. पेटी उघडायची नाही. ठेवणारी मी, काढणारी मी."

मी मान्य केलं. शास्त्राच्या दृष्टीनं ते योग्यच होतं.

दुसऱ्या दिवशी पानात मोकळा, मऊ भात आला. तिसऱ्या दिवशी डाळही. मी घास तोंडात ठेवून डोळे मिटले. तुम्ही हसाल, पण प्रबंध मान्य झाला त्या दिवशीसुद्धा मला इतकं समाधान वाटलं नव्हतं.

मग मी पडवीत बसून पेटीवर विचार करू लागलो. आकृत्या काढल्या. गोधडीऐवजी नारळाचा काथ्या चालेल का, यावर दिवसच्या दिवस गेले. आणि पुरावा काय हवा? एरवी महिनाभर पुरणारं ते सिलिंडर संपेना. महिना उलटला, वर आणखी आठवडा गेला, तरी शेगडी पेटत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाता-येता बघत असे.

हळूहळू बातमी आळीत पसरली. शेजारच्या सुमनवहिनी पदराखाली काहीतरी झाकून मागच्या दारानं येऊ लागल्या. मग पलीकडच्या घरातल्याही. सगळ्यांचं एकच. "काका, पेटीत जागा हाय का?"

"कुमुदला विचारा," मी नम्रपणे म्हणे. आतून मात्र फुलून जाई.

एकदा सुमनवहिनी जाता जाता थांबल्या. "काका, तुमच्या पेटीनं सोय झाली बघा. आमच्या ह्यांची कंपनीत सेकंड शिफ्ट, डबा टायमात लागतो. थंडीत सगळं खोळंबायचं. आता नाय खोळंबत."

थंडीत काय खोळंबतं, हे मी विचारायला हवं होतं. उभा जन्म मुलांना सांगत आलो, शंका आली की विचारा. पण मला शंका नेहमी नको तिथे येतात. जिथे यायला हवी, तिथे मी खूश असतो.

संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू होतं. पेणहून कुमुदची थोरली बहीण विमलताईही आली होती. मी कुमुदला म्हटलं, "सगळ्या जमल्यात, तर पेटीबद्दल दोन शब्द बोलतो."

तिचा चेहरा उतरला. "हळदीकुंकवात पुरुष बोलतात का कुठे?"

"दोनच शब्द."

"बरं, बोला. पण पेटी उघडायची नाही. ऊब जाईल."

दोन शब्दांचं व्याख्यान झालं. तुम्ही मला ओळखता. खोका मी बाहेरच्या खोलीत ओढून आणला, सतरंजीच्या मधोमध ठेवला, आणि उष्णता म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. बायका तिळगूळ खात शांतपणे ऐकत होत्या. इतके शहाणे विद्यार्थी मला कॉलेजात कधी मिळाले नाहीत. तेच नडलं. मला चेव चढला.

"आत्ता या क्षणी," मी खोक्यावर हात ठेवून म्हणालो, "आत काय चाललंय, कल्पना आहे का?"

"हाय की," सुमनवहिनी म्हणाल्या.

"नुसतं माहीत असून भागत नाही. डोळ्यांनी बघायला हवं."

"अहो, नको," कुमुद मागून म्हणाली.

"आज गेली ऊब तर जाऊ दे," मी म्हणालो आणि गोधडी उचलली.

आत भाताचं पातेलं नव्हतं. मधोमध गरम पाण्याचा तांब्या होता. आणि त्याच्या भोवती, अंडी उबवायला ठेवावीत तशी, जुन्या लुगड्यांच्या फडक्यांत बांधलेली गाठोडी. एका गाठोड्यातून पांढरे मोड डोकावत होते. वाल. थंडीत आमच्याकडे घरोघरी वालाचं बिरडं होतं, पण त्याच थंडीत भिजवलेल्या वालांना मोड येता येत नाहीत. आख्ख्या आळीचे वाल माझ्या पेटीत मोड काढत बसले होते.

सुमनवहिनी पुढे झाल्या. "काका, निळ्या काठाचं फडकं माझं. आता उघडलंच हाय तर द्या. मोड लई लांबले की सोलताना तुटतात."

मी दिलं. दुसरं काय करणार?

विमलताईंनी खोक्यात वाकून बघितलं. "पेटी झकास आहे हो भावजी. पेणला मलाही एक करून द्या. पण मग तुमच्याकडे भात कुठे शिजतो?"

सगळ्यांनी कुमुदकडे बघितलं.

"गॅसवर," कुमुद म्हणाली.

बायका गेल्यावर मी खोक्यापाशीच बसून राहिलो. कुमुद वाणाची ताटं आवरत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवसापासून. मी हात लावला नव्हता, तरी भात कच्चाच निघाला. पेंढा दमट असेल. तुम्ही दाराशी उभे होता, निकाल लागायचा असल्यासारखे. मग घेतला गॅसवर." ताटं रचत म्हणाली, "पेंढा उबदार होता. वाया कशाला घालवायचा, म्हणून वाल ठेवले. दोन दिवसांचे मोड एका दिवसात आले. तुमची पेटी वाईट नाही हो. फक्त तिला भात येत नाही."

इतके दिवस हिनं माझी समजूत जपली होती, उबेत ठेवून. मला त्याबद्दल काहीतरी बोलायचं होतं. पण मी शास्त्राचा माणूस. तोंडातून निघालं ते भलतंच.

"मग सिलिंडर जास्त दिवस कसं पुरलं?"

"राहू दे ना ते."

"नाही, सांग. भात गॅसवर, डाळ गॅसवर, तरी आठवडाभर जास्त. कारणाशिवाय काही घडत नाही."

तिनं ताटं खाली ठेवली. "पेटी झाल्यापासून तुम्ही चहा कितीदा घेता?"

मी आठवून बघितलं. "सकाळी. आणि दुपारी उठल्यावर." पेटीच्या नादात काळजी करायला सवडच नव्हती.

"आणि त्याआधी?"

मी आठवू लागलो. पेन्शनच्या कागदांचा चहा. नळाला पाणी येईल का, या काळजीचा चहा. वाफाळता कप हातात घ्यायचा, काळजी करत बसायचं, तो गार झाला की पुन्हा गरम करून मागायचा, आणि पुन्हा विसरायचा. उष्णता कुठून निसटते, यावर प्रबंध लिहिलेला माणूस मी, आणि आमच्या घरातली सगळी माझ्याच कपातून निसटत होती.

"गॅस संपला," असं म्हणताना कुमुद माझ्याकडे का बघे, तेही मग कळलं. मीच तो प्यालो होतो.