मरळीचे नखरे

मत्स्यालयातल्या माशांना खाऊ घालण्याचं काम मावशींकडे होतं. घरी पोरं, सुना, नातवंडं सगळ्यांना त्यांनी एकाच शिस्तीत वागवलं: समोर येईल ते खायचं, नाकं मुरडायची नाहीत. मग माशांनाच वेगळा न्याय कशाला?

कोपऱ्यातल्या टाकीतली मरळ त्यांनी बोटाएवढी असल्यापासून सांभाळलेली. आता ती हातभर झाली होती. मावशींचा तिच्यावर जीव होता, फक्त कबूल करत नसत एवढंच. तिला जिवंत मासे लागायचे. एकदा नेहमीच्या लांबट, सडपातळ माशांऐवजी चिलापी आली. लांबीला कमीच, पण पाठ उंच, अंग बशीसारखं आणि पाठीवर काट्यांची रांग. मरळ जवळ जायची, या बाजूने बघायची, त्या बाजूने बघायची आणि तोंड फिरवायची. चिलापीत चुकून आलेले चार लांबट मासे तेवढे तिने वेचून खाल्ले.

"बघा नखरे! हे तर त्यांच्याहून लहान आहेत," मावशी करवादल्या.

"मावशी, ती लांबी नाही बघत," मत्स्यालयाचे साहेब म्हणाले. "उंची बघते. आपल्या तोंडात मावेल तेच धरते."

"तुम्ही लाड करू नका तिचे. पोटात कावळे ओरडले की खाईल मुकाट्याने."

साहेब रजेवर गेले आणि मावशींनी लांबट मासे बंदच करून टाकले.

मावशींचं म्हणणं शेवटी खरं ठरलं. भुकेपुढे मरळीचं शहाणपण टिकलं नाही. तिने झडप घातली. "आली की नाही वठणीवर!" म्हणेपर्यंत मावशींना दिसलं, चिलापीची शेपटी बाहेरच राहिली आहे. आत जाईना, बाहेर येईना. काटे घशात उभे राहिले होते. मरळीला श्वासासाठी पाण्यावर तोंड काढावं लागतं. ती वर यायची, पण हवा घेताच येत नव्हती.

मावशींनी स्टुलावर चढून दोन्ही हात टाकीत घातले. कात्रीने काटे कापले आणि चिलापी तुकड्या-तुकड्याने ओढून काढली. मरळीचे दात बोटांत रुतले, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. मग तिचं डोकं पाण्यावर धरून त्या उभ्या राहिल्या. "घे गं, घे," एवढंच म्हणत होत्या. त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त स्वतःची लाज वाटत होती. बऱ्याच वेळाने मरळीने जबडा उघडला, हवा घेतली आणि हातातून निसटून तळाला गेली.

साहेब परत आले तेव्हा मावशींनी काही न लपवता सगळं सांगितलं. बोटांना अजून पट्टी होती.

"वाचली ना? मग झालं तर."

"वाचली. पण मी समोर असले की आता लांबट माशालाही तोंड लावत नाही. मी जायची वाट बघते."

त्यांनी माशांचा डबा साहेबांच्या हातात दिला आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.