गुरुवारचे पोहे

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई लहानपणापासून म्हणायची, आणि मला ते माझं कौतुकच वाटायचं. मिलने कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगेत, ज्याला सगळं इंदूर 'लाइन' म्हणायचं, तिथे आम्ही राहायचो. बाबा मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क. समोरच्या खोलीतले चाचा त्याच मिलमध्ये विणकर. चाचांची मुलगी माझ्याच वयाची. आमच्या स्वयंपाकघरात बसून बसून ती मराठी शिकली, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. पण आमची तरी कुठे धड होती! पुण्याचा मामा आला की म्हणायचा, आता तुम्ही जे काही बोललात ते एकदा मराठीत सांगा.

तिची मंगनी झाली तेव्हा आम्ही दोघी वीस वर्षांच्या होतो. मुलगा पलीकडच्या लाइनीतला, वडील वारल्यावर त्यांच्या जागी मिलमध्ये लागलेला. कमी बोलायचा. समोरून आला की सायकलवरून उतरून चालत जायचा, नजर खाली. मी तिला चिडवायचे, अगं हा रस्त्यावर काय शोधत असतो? निकाह ईदनंतर ठरला होता. ईदच्या आधीच मिल बंद पडली.

पंधरा दिवसांत उघडेल म्हणाले. मग महिन्याने. मग फाटकावर नोटीस लागली आणि ती वाचायलाही कुणी थांबेनासं झालं. बाबा तरी सहा महिने रोज इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. पेपरात यायचं, देश खुला झाला, बाहेरच्या कंपन्या येणार, आता काय, कामच काम. इकडे आमच्या लाइनीत कुणी भाजीचा ठेला लावला, कुणी भाड्याची रिक्षा धरली, बाकीचे ओट्यावर बसून राहिले. त्या पेपराचा मला असा संताप यायचा की आला की मी त्याच्यावर कांदे चिरायला घ्यायचे.

चाचा रागावले नाहीत, भांडले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, मुलाला पक्की नोकरी लागली की निकाह. त्याआधी नाही. मुलाच्या अम्मीनेही मान डोलावली. आणि वर्ष सरलं.

मल्हारगंजात एक आपा होत्या. दुपारी मुलींना शिलाई शिकवायच्या, आणि मशीनवर हात चालू असताना दीनाच्या, म्हणजे धर्माच्या, गोष्टी सांगायच्या. मी नुसत्या शिलाईसाठी तिच्याबरोबर जायचे, बाकीचं आपोआप कानावर पडायचं. तिथल्या निम्म्या मुली अशाच, मंगनी होऊन अडकलेल्या. कुणाचा होणारा नवरा आमच्या मिलचा, कुणाचा दुसऱ्या. म्हणून आपांचं बोलणंही त्याच वळणाचं असायचं. मंगनी म्हणजे निकाह नव्हे, नुसता वायदा आहे, तेव्हा एकट्यात भेटू नका. मन लागणं हा गुनाह नाही, पण त्याला घेऊन कुठे जाता ते तुमच्या हातात आहे. निकाहला तुमची हां लागते, बापालाही जबरदस्ती करता येत नाही. आणि कुणी कुणाबद्दल काही खबर आणली तर आधी तपासा, नाहीतर नकळत एखाद्याचं वाटोळं कराल आणि मग जन्मभर पस्तावाल. हे शेवटचं सांगत होत्या तेव्हा मी काज करत होते आणि सुई बोटात घुसली होती, म्हणून ते माझ्या इतकं लक्षात आहे. लक्षात राहून काय उपयोग झाला, ते पुढे सांगते.

एक दिवस ती लाजत लाजत आली. त्याच्या अम्मीने तिच्या अम्मीला सांगितलं होतं, आणि तिने दाराआडून ऐकलं होतं. तो मौलवीसाहेबांकडे गेला होता. असा लटकलेला मी किती दिवस राहू, मन थाऱ्यावर नसतं, काय करू, असं त्याने विचारलं होतं. मौलवीसाहेबांनी सांगितलं, ज्याला निकाह करणं जमत नाही त्याने रोजे ठेवावेत, त्याने मन आवरतं. तेव्हापासून तो दर सोमवारी आणि दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, रोजा धरत होता.

मी टाळीच वाजवली. म्हटलं, अगं हे तर व्रत! तुझ्यासाठी धरलंय त्याने.

ती म्हणाली, आमच्यात तसं नसतं गं. मी म्हटलं, सगळ्यांच्यात तसंच असतं. आमच्या घरात आईचे सोळा सोमवार झाले होते, आत्याचे दत्ताचे गुरुवार चालूच होते. मनात इच्छा धरायची, ती पुरी होईपर्यंत उपास करायचा, मग उद्यापन. मधेच कुणी मोडलं तर काय, इच्छाच सोडली म्हणायची. फरक एवढाच, आमच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी तुपात पोहत असायची आणि हे लोक पाण्याचा थेंब घेत नव्हते. म्हणजे आमच्यापेक्षा कडक व्रत. हे मी तिच्या इतकं मागे लागून सांगितलं की शेवटी तिलाही ते आवडायला लागलं. आवडणारच. भेटायचं नाही, बोलायचं नाही, चिठ्ठी नाही. निदान एवढं तरी आपल्यासाठी आहे असं कुणाला नाही वाटणार?

मग तीही त्याच दोन दिवशी रोजे ठेवू लागली. घरी सांगितलं, पोटाला बरं वाटतं. खरं फक्त मला माहीत. संध्याकाळी मशिदीतून अजान झाली की ती ओट्यावर बसून एक खजूर तोंडात टाकायची, आणि पलीकडच्या लाइनीत त्याच क्षणी तोही टाकत असणार, एवढाच त्यांचा मेळ. मी म्हणायचे, तुमचा संसार म्हणजे आठवड्याला दोन खजूर. ती हसायची. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगायचं नाही अशी शपथ होती, आणि आश्चर्य म्हणजे ती मी पाळली. जे सांगायला हवं होतं तेवढं बरोबर पोटात ठेवलं मी.

दोन वर्षं गेली अशी. मधे देवासहून एक रिश्ता आला. बायको बाळंतपणात गेलेली, एक लहान मुलगी, स्वतःचं दुकान. माणसं चांगली होती. चाचा दर दोन महिन्यांनी तिला विचारायचे आणि ती दर वेळी नाही म्हणायची. चाचांनी कधी आवाज चढवला नाही. पण ते दिवसेंदिवस वाळत चालले होते, ते आम्हाला दिसत होतं.

तोवर त्याला सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं, पण रोजंदारीचं, आज आहे, उद्या नाही. आणि मी सांवेरच्या पुढच्या एका गावात शाळेवर लागले होते. रोज बसने जायचं, बसने यायचं, दोन्हीकडे सोयाबीन बघत.

त्या गुरुवारी शाळा लवकर सुटली. येताना बस सांवेर रोडवर सवारी भरायला थांबली, ती नेहमीच तिथे थांबायची. मी खिडकीत. बघते तर समोरच्या ठेल्यावर तो उभा. हातात पोह्यांची प्लेट, वर शेव, बाजूला कागदात जिलबी. दोन-तीन जण त्याच्याभोवती, सगळे खिदळताहेत, आणि तो, जो रस्त्यावर कधी मान वर करायचा नाही, तो तोंड भरून हसतोय. मग त्याने जिलबीचा हात उंच केला. मला वाटलं, ठेलेवाल्याकडे आणखी मागतोय.

गुरुवार. दुपारचा एक. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिकडे ती सुकलेल्या ओठांनी बसली असेल आणि हा इकडे जिलब्या हाणतोय! बस सुटायला चांगली पाच मिनिटं होती. उतरले असते, त्याला विचारलं असतं, भिया, आज रोजा नाही का? एवढंच. पण मी खिडकीची काच ओढून घेतली.

घरी येऊन मी हातपायसुद्धा धुतले नाहीत. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सांगून टाकलं. नुसतं सांगितलं असतं तरी एक वेळ, पण मी रंगवून सांगितलं. शेव सांगितली, जिलबी सांगितली, हसणं तर करून दाखवलं. म्हटलं, त्याने व्रत मोडलं, त्याचं मन उडालं, तू कसली उपाशी मरतेस त्याच्यासाठी.

तिने तांदळातून हात काढला नाही. "तू खुद पाहिलंस ना?" तिने विचारलं.

"या डोळ्यांनी," मी म्हणाले.

संध्याकाळी अजान झाली तेव्हा ती नुसतं पाणी प्यायली. सकाळी तिने चाचांना देवाससाठी हां सांगितली.

चाचा त्याच दिवशी अंगठी परत करायला पलीकडच्या लाइनीत गेले. घराला कुलूप होतं. शनिवारी गेले, तेव्हाही कुलूप. त्यांना वाटलं, ही माणसं तोंड चुकवताहेत. रविवारी देवासची मंडळी आली आणि बात पक्की करून, मिठाई खाऊन गेली. मी तिच्या शेजारी बसले होते, मोठ्या बहाद्दुरीने. तिला एका लबाडापासून वाचवलं असं मनात म्हणत होते. स्वतःला थोबाडीत मारून घ्यावं असं वाटतं आता.

पुढच्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर तो आला. पांढरा कुर्ता, बरोबर अम्मी आणि खांडव्याचे मामू. वडील नसलेल्या मुलासाठी निकाहची तारीख मागायला घरातलं मोठं माणूस लागतं, म्हणून त्या मामूंना आणायला मायलेक खांडव्याला गेले होते. आमचा ओटा समोरच, सगळं ऐकू येत होतं. मामू आनंदाने सांगत होते. मागच्या जुमेरातला सकाळी कारखान्यात मुलाच्या हातात पक्कं केल्याचं पत्र पडलं. तसाच तो मौलवीसाहेबांकडे धावला, आणि ते म्हणाले, आता कसले रोजे, जा, खा, पी, आणि तारीख काढ.

आमच्यात तसं नसतं, हे ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. ते व्रत नव्हतंच. निकाह जमत नाही तोवरचा तो आवर होता, आणि तो त्याने सोडला, कारण आता तिला न्यायचं होतं. त्याचं उद्यापन मी बसमधून पाहिलं होतं आणि काच लावून घेतली होती.

चाचांनी मामूंना हाताने थांबवलं. मग त्यांनी सांगितलं, देवासला जुबान दिली गेली. चाचीने आतून अंगठी आणून दिली. मामू चढ्या आवाजात बोलायला लागले, पण तोच उठला. एकाची बात ठरलेली असताना त्यावर दुसऱ्याने आपली बात घालायची नसते, असं तो मामूंना म्हणाला, आणि अम्मीचा हात धरून निघाला. आला होता तसाच, खाली बघत.

मी धावत तिच्याकडे गेले. म्हटलं, नाही म्हण. आपांनी सांगितलंय, हां तुझी आहे. मी चाचांच्या पाया पडते, चूक माझी आहे म्हणून सांगते.

ती भिंतीला टेकून बसली होती. "दोन वर्षं तो उपाशी राहिला आणि मी त्याला एका प्लेट पोह्यांवर सोडलं," ती म्हणाली. "कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्या घरात?" मग म्हणाली, "आपा म्हणायच्या, खबर तपासा. तू आणलेली खबर मी कशी तपासणार होते?"

मी तरी चाचांना सगळं सांगितलं, रडून सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बेटी, हां तिने म्हटली. निकाहच्या दिवशी तिची संमती विचारायला नेमलेला वकील आणि गवाह आत आले, तेव्हाही ती स्पष्ट म्हणाली, कबूल. देवासला गेली. ईदला मी गेले की शीरखुर्मा देते, सावत्र मुलीला पोटच्या मुलीसारखं करते. मला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर दीड वर्षाने तो मला दिसला. तोच सांवेर रोड, तोच ठेला, बस सवारीसाठी थांबलेली. तो सायकलला टेकून उभा होता, एकटा. या वेळी मी उतरले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून ठेलेवाल्याला दोन चहा सांगितले.

"मेरा रोजा है, दीदी," तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, गुरुवार आहे. लग्नाचं विचारायची गरजच उरली नाही. मी पर्समधले चहाचे सुट्टे पैसे उगाच मोजायला घेतले. तोच मग मला सावरून घ्यायला म्हणून हसला.

"उस जुमेरात को भी आप बस में थीं ना?" तो म्हणाला. "मैंने हाथ किया था आपको. सोचा, खुशखबरी आपके ही हाथ भेज दूँ."

मी हो म्हणाले. कंडक्टर हाका मारत होता. ठेलेवाल्याने चहाचे दोन्ही ग्लास माझ्यासमोर आणून ठेवले.