पोर्चमधली मुक्कामी गाडी

आमच्या बोरगाव मेघेत मे महिन्यात ऊन असं पडतं, की कावळे एकमेकांच्या सावलीत बसायला नंबर लावतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अशाच एका दुपारी कुलरमध्ये पाणी भरताना मी सांडलेल्या पाण्यावरून घसरलो. गुडघा असा वाजला, की समोरच्या घरातले लोक सिलेंडर फुटला समजून बाहेर धावले. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, मांडी सुकू दिली तर सायकल विसरा. रस्त्यावर एवढ्यात नाही जायचं, पण घरात, एका जागी बसून रोज चालवा.

सायकल विसरणं मला परवडणारं नव्हतं. माझी मोठी बहीण रोहण्याला दिली आहे, तिकडे आर्वी तालुक्यात. आम्ही तिला बाई म्हणतो. तिचं लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला मी सायकलनंच जातो. आधी पुलगाव, मग विरूळ आणि विरूळच्या पुढे रोहणा. गाडीतून उतरलेला भाऊ तिला पाहुणा वाटतो, सायकलवरून उतरलेला घरचा वाटतो. यंदा काय, हा प्रश्न तिनं फोनवर विचारला नाही, म्हणूनच तो मला जास्त ऐकू आला. मीच सांगून टाकलं, "रोज सायकल चालवून राह्यलो मी." ते खरंच होतं. फक्त ती सायकल कुठं जात नव्हती, एवढं सांगायचं राहून गेलं.

पुण्याच्या लेकीनं एक लोखंडी घोडी पाठवली होती. तिला ट्रेनर म्हणतात. सायकलचं मागचं चाक तिच्यात कसून बसवायचं, खाली एक रोलर असतो, पॅडल मारलं की चाक फिरतं आणि आपण आहे तिथंच. ती मी पोर्चमध्ये मांडली. पहिल्याच दिवशी आवाज असा निघाला, की मागच्या गल्लीतली एक बाई गव्हाचा डबा घेऊन आली. आमच्याकडे चक्की नाही हे बायकोनं तिला समजावलं. तरी ती जाताना भाव विचारून गेली.

पहिले काही दिवस उत्साहाचे गेले. मग जे होतं ते झालं. एका जागी पॅडल मारण्याइतकं कंटाळवाणं काम देवानं अजून केलेलं नाही. वारा नाही, वळण नाही, ओळखीचं कुत्रं अंगावर येत नाही. समोर आपलीच भिंत, तिच्यावर आपलीच पाल, आणि पालही थोडा वेळ बघून कंटाळून निघून जायची. घाम मात्र इतका गळायचा, की पोर्चच्या कडेच्या जास्वंदीला त्या साली वेगळं पाणी द्यावं लागलं नाही. लेकीनं मोबाइलवर परदेशातल्या बर्फाळ घाटाचे व्हिडिओ लावून दिले. ते बघून मला थंडी वाजायला लागली आणि मी शाल घेऊन झोपलो. ज्या रस्त्यावर चहाची टपरी नाही त्या रस्त्यानं माणूस कशासाठी जाईल?

बायकोनं एक दिवस सायकलच्या हँडलला धुतलेलं पातळ वाळत घातलं. त्या पातळाकडे बघून मला समजलं, की आता ही सायकल गेली.

ती वाचली ती शेजारच्या कंडक्टरसाहेबांमुळे. एसटीतून निवृत्त झालेला माणूस, संध्याकाळी आमच्या पोर्चमध्ये चहाला येणार म्हणजे येणार. त्यांनी पातळ बाजूला करायला सांगितलं आणि विचारलं, गाडी कुठं जाणार आहे? मी म्हणालो, कुठंच नाही. ते म्हणाले, बिनपाटीची गाडी डेपोतून सुटतच नाही, म्हणून तुमचा पाय हलत नाही. मग मी रोहणा म्हणालो. त्यांनी खुर्ची मागच्या चाकाजवळ ओढली आणि डबल बेल दिली. बेल म्हणजे चमच्यानं कपावर.

त्या दिवसापासून आमची गाडी रोज थोडी पुढे जायला लागली. आज जिथं थांबलो तिथंच रात्रीचा मुक्काम, उद्या तिथून पुढे. खेड्यात रात्रभर उभी राहून सकाळी निघणारी मुक्कामी गाडी असते ना, तशी. दहेगाव आलं की साहेब पुकारायचे. कुठं चढ आहे, कुठं रस्ता उखडलाय, तेही सांगायचे आणि चढावर मला गिअर बदलायला लावायचे. मी दमलो, पाय थांबवतो म्हणालो, तर बशीतला चहा फुंकत त्यांचं एकच उत्तर.

"मधात थांबा नाई, भाऊ."

एवढ्या एका वाक्यानं मला पुलगावपर्यंत नेलं. डोंगर, बर्फ, संगीत, लेकीनं पाठवलेली प्रेरणेची भाषणं, सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. थांबा येईपर्यंत थांबता येत नाही म्हटल्यावर पाय चालतोच. मी तर पोर्चमध्ये बसून पुलगावच्या फाटकाशी मालगाडी जाईपर्यंत खोळंबलोसुद्धा. साहेबांनी तेवढ्यात दुसरा चहा घेतला.

पोळा झाला, दसरा जवळ आला आणि एका संध्याकाळी आम्ही विरूळला पोचलो. साहेबांचे साडू विरूळचे. रोजच्यासारखा त्यांना फोन झाला, आणि साहेब आनंदानं म्हणाले, आमचे भाऊ आज तुमच्या गावात मुक्कामी आहेत. साडूंना वाटलं, खरंच कुणाकडे तरी उतरलेत. दुसऱ्या दिवशी रोहण्याच्या बाजारात त्यांना माझी बहीण दिसली. साधेपणानं त्यांनी विचारलं, भाऊ काल विरूळला होते, तुमच्याकडे पोचले का?

आमच्याकडे याच्याइतका मोठा अपमान नाही. बहिणीचं घर पुढच्या गावात आणि भाऊ परक्याच्या घरी रात्र काढतो. दुपारी फोन आला.

"विरूळले आलता म्हणे. मुक्काम केला म्हणे. काऊन रे बाबू, माह्या घराची वाट बुजली का?"

मी म्हणालो, बाई, मी घरीच हाव, पोर्चमधी.

"पोर्चमधी बसून विरूळले कोण जाते?"

मी सगळं सांगितलं. घोडी, रोलर, पाटी, चमच्याची बेल. सांगताना माझं मलाच जाणवलं, की आयुष्यात इतकी मोठी थाप मी आजवर मारलेली नाही. आणि नेमकी हीच खरी होती. जन्मभर मी तिला वाघानं वाट सोडल्याच्या आणि विहिरीत चंद्र अडकल्याच्या गोष्टी सांगितल्या, तिनं त्या हसून ऐकल्या. या वेळी ती हसली नाही. बायकोनं फोन घेतला, तर तू त्याचीच बाजू घेशील, असं उत्तर मिळालं. शेवटी कंडक्टरसाहेबांनी फोन घेतला. बाई, काळजी नका करू, गाडी पोर्चमधीच उभी हाय, उद्या-परवा रोहण्याले लावतो, असं ते तिला म्हणाले, आणि उरलंसुरलं बिघडलं.

बाईनं फोन परत माझ्याकडे द्यायला लावला. मग मला म्हणाली, "भाऊबीजेले सायकलनं येजो. आला त मानीन का तवा पाय चालत नव्हता म्हणून घरी होता. नाई आला त समजीन, विरूळवरून परत गेलता."

तिच्या न्यायात खोट काढता येत नव्हती. त्यानंतर मला कुणी बेल द्यायची गरज पडली नाही. कंटाळा यायचा, तो आपला कोपऱ्यात बसून राहायचा. मी पोर्चमधूनच रोहण्याला गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. मांडी अशी टणक झाली, की बायकोनं तिच्यावर सुपारी फोडून पाहिली. डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबला, वाकवला, आणि म्हणाल्या, जा, पण सावकाश.

भाऊबीजेच्या पहाटे निघालो. बायको मागून एसटीनं येणार होती. पोर्चमध्ये साहेबांनी चढ दिले होते, खड्डे दिले होते, पण वारा द्यायचा राहिला होता. तो समोरून असा आला, की पुलगावच्या अलीकडे मी पॅडल मारत होतो आणि रस्ता मला मागं नेत होता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. पुलगाव मागं पडलं आणि गुडघा बोलायला लागला. आधी हळू, मग खणखणीत. विरूळ दिसलं तेव्हा मला फक्त बसायचं होतं, कुठंही, अगदी मैलाच्या दगडावर.

आणि थांब्यावर साडू उभे. हातात चहाचा कप, शेजारी खाट टाकलेली, खाटेवर सतरंजी. या, भाऊ, टेका जरा, म्हणाले. इतकी सुंदर खाट मी जन्मात पाहिली नाही. साऱ्या जगात थांबायला एक जागा होती, आणि तिथंच मला थांबता येत नव्हतं. विरूळला एक पाय जरी टेकला असता, तरी सांजेपर्यंत ते रोहण्यात पोचलं असतं. मी हात जोडले आणि पॅडल मारत राहिलो. ते बिचारे कप घेऊन गावाच्या वेशीपर्यंत सोबत धावले. चहा एक थेंब सांडला नाही, असा धावणारा माणूस.

रोहण्याला बाई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे नाही, सायकलकडे पाहिलं. वाकून मागच्या टायरवर हात ठेवला. तो तापलेला होता.

"विरूळले चहा नाई घेतला म्हणे," ती म्हणाली.

म्हणजे फोन माझ्या आधी पोचला होता. मी उतरलो, आणि पाय सरळ होईना म्हणून हँडल धरूनच उभा राहिलो, जणू घर न्याहाळतोय. तिनं पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि मला आत नेलं. ओवाळायला दरवर्षी जिथं पाट असायचा, तिथं यंदा प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्या चारही पायांभोवती बाईनं रांगोळी काढली होती, आणि ती पहाटेची होती, कारण कडेनं मुंग्या लागल्या होत्या.

"बस," ती म्हणाली. "पाटावर तुले वाकता येणार नाई."