बापाचं नाणं, मुलाचं नाणं

नवऱ्याची बदली क्योतोला झाली. वर्षभर स्वयंपाक करून आणि कचऱ्याचं वर्गीकरण करून कंटाळल्यावर मी एक बायतो धरला, म्हणजे अर्धवेळ काम. एकेकाळी इराणवर राज्य केलेल्या मंगोल इलखानांची चांदीची नाणी वाचणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे. सेन्सेईंची, म्हणजे सरांची, नजर अधू होत चालली होती. त्यांनी भिंगातून पाहून सांगायचं आणि मी सूचीत लिहायचं. ही सूची त्यांचं शेवटचं काम, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मी मूळची चोंबडी. चार-सहा महिन्यांत ती उभी मंगोल लिपी थोडीफार ओळखायला लागले. दोन राजे होते, बाप आणि मुलगा. बापाच्या नाण्यावर सुरुवातीलाच ‘खागान’, कारण ते दूरच्या बड्या सम्राटाच्या नावाने पाडलेलं. मुलाने ते काढून टाकलं आणि ‘आकाशाच्या बळावर’ असं लिहिलं. पहिला शब्द वाचला की काम झालं.

मग सेन्सेई चुकायला लागले. ते “बापाचं” म्हणायचे आणि मला स्वच्छ ‘आकाश’ दिसायचं. मी मुकाट्याने ‘बाप’ लिहायचे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांची चूक तोंडावर काढत नाहीत, इथे तर मुळीच नाही. पण खरं सांगायचं तर जीभच रेटायची नाही. त्यांच्याबद्दल फार माया वाटायला लागली होती.

एका दुपारी त्यांनी कागदात गुंडाळलेलं एक नाणं पुढे ठेवलं. भिंग न लावताच म्हणाले, “बापाचं.”

मी पाहिलं. मुलाचं होतं. मी ‘बाप’ लिहिलं.

“हे मी विद्यार्थी असताना घेतलं,” ते शांतपणे म्हणाले. “डोळे पूर्ण गेले तरी बोटांनी ओळखेन. मुलाचं आहे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अशी आणखी किती?” त्यांनी विचारलं.

सूची बघायची गरजच नव्हती. “अकरा.”

त्यांच्या नावाने छापायच्या सूचीत मी जाणूनबुजून चुका ठेवल्या होत्या. आता हे मला घरी पाठवणार, अशी माझी खात्री झाली. ते बराच वेळ नाण्यावरून अंगठा फिरवत राहिले.

“म्हणजे अकरा वेळा तुम्ही एकटीनेच वाईट वाटून घेतलंत,” ते म्हणाले. “यापुढे सांगत जा. दोघं मिळून वाईट वाटून घेऊ.”